गरुड आधी, पॅराशूट नंतर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अमेरिकी लष्कराच्या १०१व्या एअरबोर्न (म्हणजे हवाई मार्गाने रणांगणावर उतरणाऱ्या) डिव्हिजनवर आणि तिच्या 'स्क्रीमिंग ईगल्स' (किंचाळणारे गरुड) या टोपणनावावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत वाहवा करून पुढे जाण्यापेक्षा आपण मुद्देसूद हरकती नोंदवल्यात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा यासाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. पहिला आक्षेप असा की, गरुडाची कथा ही मागाहून रचलेली दंतकथा आहे. जी डिव्हिजन १९४२ साली जन्मली, जिच्या पहिल्याच सेनापतीने 'आपल्याला इतिहास नाही' असे जाहीर केले, तिचे नाते १८६१च्या एका पक्ष्याशी जोडणे हास्यास्पद आहे. दुसरा असा की, जी डिव्हिजन १९७४ पासून पॅराशूटने उतरतच नाही तिने 'एअरबोर्न' म्हणवून घेणे ही दिशाभूल आहे. तिसरा असा की, दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममधील बॅस्टोन गावाला जर्मनांनी घातलेल्या वेढ्याचे सारे श्रेय मी या एकाच डिव्हिजनच्या पदरात टाकले. आणि चौथा असा की, मराठी वाचकाला अमेरिकी पलटणींच्या कौतुकाची गरजच काय, त्यापेक्षा भारताच्या हवाई डिव्हिजनवर लिहावे.

पहिल्या आक्षेपावर सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण माझ्या लेखाचा गाभा तोच होता. आपण असे गृहीत धरले आहे की, टोपणनाव पराक्रमातून मिळते. आधी लढाई, मग कीर्ती आणि मग नाव. पुष्कळदा तसे होतेही. ब्रिटिश पॅराशूट सैनिकांना 'रेड डेव्हिल्स' हे नाव ट्युनिशियाच्या लढाईत मिळाले आणि ते त्यांच्या शत्रूने, म्हणजे जर्मनांनी दिले, असे ब्रिटिश परंपरा सांगते. १०१व्या डिव्हिजनची गोष्ट नेमकी उलटी आहे. इथे नाव आणि बोधचिन्ह आधी होते, माणसे नंतर आली आणि पॅराशूट तर त्याहूनही नंतर. हा उलटा क्रम मला लिहिण्याजोगा वाटला.

तो क्रम पुन्हा एकदा तपशिलाने सांगतो. १०१वी डिव्हिजन पहिल्यांदा १९१८ साली कागदावर आली. मिसिसिपीतील कॅम्प शेल्बी येथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचे मुख्यालय उभे राहते न राहते तोच ११ तारखेला शस्त्रसंधी झाली आणि डिसेंबरात तिचा गाशा गुंडाळला गेला. १९२१ साली ती राखीव दलातली डिव्हिजन म्हणून पुन्हा उभारण्यात आली, आणि या वेळी तिचे मुख्यालय होते विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात. राखीव डिव्हिजन म्हणजे अधिकाऱ्यांची यादी, अधूनमधून होणारी शिबिरे आणि पुष्कळसा पत्रव्यवहार. पण खांद्यावर लावायला बिल्ला तर हवाच. तो ठरवताना साहजिकच स्थानिक परंपरेकडे पाहिले गेले. १९२३ साली मंजूर झालेल्या त्या बिल्ल्यावर काळ्या ढालीवर पांढऱ्या डोक्याच्या, चोच उघडून ओरडणाऱ्या गरुडाचे मस्तक होते. ध्यानात घ्यावे की, त्या वर्षी अमेरिकेत पॅराशूट डिव्हिजन अस्तित्वातच नव्हती.

आता तो पक्षी. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या एका माणसाने १८६१ साली, म्हणजे अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले त्या वर्षी, गरुडाचे एक पिल्लू पकडले आणि ते मॅककॅन नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याला सुमारे एका पोत्याएवढ्या मक्याच्या बदल्यात दिले. मॅककॅनने ते ओ क्लेअर गावात उभ्या राहत असलेल्या स्वयंसेवकांच्या तुकडीला अडीच डॉलरला विकले. ही तुकडी ८व्या विस्कॉन्सिन पायदळ पलटणीची 'सी' कंपनी झाली आणि गरुडाचे नाव राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावरून 'ओल्ड एब' असे ठेवण्यात आले. त्याच्यासाठी ढालीच्या आकाराची एक बैठक करून ती लांब दांड्यावर बसवली होती. पायाला दोरी बांधलेला गरुड तिच्यावर बसवून एक नेमलेला सैनिक त्याला पलटणीच्या निशाणाशेजारून घेऊन चाले. कॉरिंथ आणि व्हिक्सबर्गच्या लढाया या पक्ष्याने पाहिल्या. तोफा सुरू झाल्या की तो पंख फैलावून किंचाळत असे, ही त्याची ख्याती त्या काळीच सर्वतोमुखी झाली होती आणि दक्षिणेचे सैनिक त्याला तुच्छतेने गिधाड म्हणत. युद्धानंतर तो मॅडिसन येथील राज्याच्या विधानभवनात राहिला. १८७६च्या फिलाडेल्फियातील शताब्दी प्रदर्शनात त्याला पाहायला लोकांची गर्दी झाली होती. १८८१ साली विधानभवनाच्या तळघरात लागलेल्या आगीचा धूर छातीत जाऊन तो मेला. त्याचे पेंढा भरलेले शरीर तिथेच जपून ठेवले होते, ते १९०४च्या मोठ्या आगीत जळाले.

आपण याला दंतकथा म्हणता. दंतकथेत पेंढा भरून ती सरकारी इमारतीत ठेवत नाहीत, एवढेच म्हणेन. शिवाय हा पक्षी विस्मृतीत गेला आणि कुणीतरी १९२३ साली त्याला उकरून काढले, असेही नाही. विस्कॉन्सिनमधील रॅसिन येथील केस कंपनीने युद्ध संपल्यावर हाच गरुड आपले व्यापारचिन्ह म्हणून घेतला आणि १९६९ पर्यंत तो तिच्या मळणीयंत्रांवर आणि ट्रॅक्टरांवर विराजमान होता. (आपल्या ऊसपट्ट्यात ज्या केस कंपनीची तोडणी यंत्रे फडात उतरतात, तिचा वंश याच कंपनीपर्यंत जातो, गरुड मात्र आता त्यांवर सापडणार नाही.) त्यामुळे मिलवॉकीतल्या राखीव अधिकाऱ्यांनी बिल्ला निवडला तेव्हा त्या राज्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला तो पक्षी कोण, हे सांगण्याची गरज नव्हती.

आपल्या प्रतिक्रियेतला एक बारकावा मात्र खरोखर कसदार आहे. अमेरिकी लष्कराच्या अधिकृत वर्णनात असे म्हटले आहे की, ढालीचा काळा रंग यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या 'आयर्न ब्रिगेड'चे स्मरण देतो आणि ओल्ड एब हा त्याच ब्रिगेडमधील एका पलटणीचा पक्षी होता. आपण म्हणता, ८वी विस्कॉन्सिन पलटण आयर्न ब्रिगेडमध्ये नव्हतीच. अगदी बरोबर. त्या ब्रिगेडमध्ये विस्कॉन्सिनच्या २ऱ्या, ६व्या आणि ७व्या पलटणी होत्या, त्यांच्या जोडीला इंडियानाची १९वी आणि नंतर मिशिगनची २४वी. तिचे रणांगण पूर्वेकडचे, गेटिसबर्गचे. गरुडाची पलटण लढली ती पश्चिमेकडे, मिसिसिपी नदीच्या आसपास. अधिकृत वर्णन लिहिणाऱ्याने एकाच राज्याच्या दोन अभिमानास्पद आठवणी एकमेकींत गुंफून टाकल्या. माझ्या लेखात मी आयर्न ब्रिगेडचा उल्लेख टाळला होता, तो याच कारणासाठी. पण या चुकीवरून 'म्हणून संपूर्ण कथाच खोटी' हा आपला निष्कर्ष निघत नाही. काळ्या रंगाचे स्पष्टीकरण चुकले म्हणून गरुड विस्कॉन्सिनचा नव्हता, असे कसे म्हणता येईल?

राहिला प्रश्न डिव्हिजनचे पहिले सेनापती जनरल विल्यम ली यांच्या 'इतिहास नाही' या वाक्याचा. ऑगस्ट १९४२ मध्ये लुइझियानातील कॅम्प क्लेबोर्न येथे ८२व्या डिव्हिजनचे दोन भाग करण्यात आले. एक भाग ८२वी एअरबोर्न राहिला आणि दुसरा १०१वी एअरबोर्न झाला. त्याच वेळी मिलवॉकीतील राखीव १०१वी डिव्हिजन मोडण्यात आली आणि तिचा क्रमांक व बिल्ला या नव्या डिव्हिजनला मिळाला. त्यानंतर लगेचच काढलेल्या आदेशात ली यांनी लिहिले की, १०१व्या डिव्हिजनला इतिहास नाही, पण नियतीशी तिची भेट ठरलेली आहे. आपण हे वाक्य उद्धृत केलेत, परंतु तोच आदेश थोडा पुढे वाचला असता तर आपला आक्षेप बहुधा उरला नसता. त्याच आदेशात ली सैनिकांचे लक्ष बिल्ल्याकडे वेधतात, आपले चिन्ह अमेरिकी गरुड आहे असे सांगतात आणि आकाशातून वज्रासारखे शत्रूवर कोसळणाऱ्या डिव्हिजनला ते शोभणारे आहे, असेही म्हणतात. म्हणजे एकाच कागदावर इतिहास नाकारला आहे आणि वारशाने आलेले चिन्ह मिरवलेही आहे.

यात विसंगती दिसते खरी, पण त्या पटांगणात उभ्या असलेल्या माणसांच्या बाजूने पाहिले की ती विरते. कालपर्यंत हीच माणसे ८२व्या डिव्हिजनची होती. ८२वीला 'ऑल अमेरिकन' हे नाव पहिल्या महायुद्धातच, १९१७ साली, जॉर्जियातील कॅम्प गॉर्डन येथे मिळाले होते, कारण तिच्यात सर्व राज्यांतले जवान भरती झाले होते; म्हणजे तिचेही नाव पॅराशूटच्या पंचवीस वर्षे आधीचे. म्यूज-आर्गॉनच्या लढाईतला आल्विन यॉर्क हा प्रसिद्ध वीर तिचाच. अशा घराण्यातून एका दिवसात बाहेर काढलेल्या, आणि जिचे पूर्वायुष्य म्हणजे काही आठवड्यांची एक छावणी आणि वीस वर्षांचे राखीव दप्तर अशा डिव्हिजनमध्ये टाकलेल्या सैनिकांना सेनापती दुसरे काय सांगणार? युद्धाचा इतिहास खरोखरच नव्हता. चिन्ह होते; ली यांनी त्याला आकाशाचा अर्थ दिला. मिलवॉकीच्या अधिकाऱ्यांना जो गरुड निशाणाशेजारी दांड्यावर बसलेला दिसत होता, तो ली यांनी उडवला.

दुसरा आक्षेप : पॅराशूट नाही, मग 'एअरबोर्न' कशाला? येथे आपल्या युक्तिवादाचा पायाच मला मान्य नाही. एअरबोर्न म्हणजे पॅराशूट हे समीकरण दुसऱ्या महायुद्धातही खरे नव्हते. या डिव्हिजनमध्ये ३२७वी ग्लायडर रेजिमेंट होती. लाकडी आणि कापडी सांगाड्याच्या, इंजिन नसलेल्या ग्लायडरमधून उतरणाऱ्या या सैनिकांना जुलै १९४४ पर्यंत पॅराशूट सैनिकांसारखा जोखीमभत्ताही मिळत नव्हता. आणि धोका किती होता म्हणाल, तर डिव्हिजनचे उपसेनापती डॉन प्रॅट नॉर्मंडीच्या स्वारीत ६ जून १९४४ रोजी ग्लायडर कोसळूनच मृत्युमुखी पडले. त्याच स्वारीत ३२७व्या रेजिमेंटचे बहुतेक जवान तर विमानातूनही नव्हे, जहाजातून यूटा किनाऱ्यावर आले. त्यांना एअरबोर्न म्हणू नये, असे आपण म्हणाल काय?

पुढचा प्रवासही सांगतो. १९६५ साली डिव्हिजनची पहिली ब्रिगेड व्हिएतनामला गेली आणि १९६७ अखेर सारी डिव्हिजन तिथे पोहोचली. जंगल आणि डोंगरांच्या त्या युद्धात पॅराशूटने उतरण्याला फारसा अर्थ उरला नव्हता. काम हेलिकॉप्टर करत होती. जुलै १९६८ मध्ये लष्कराने तिचे नाव बदलून '१०१वी एअर कॅव्हलरी (हवाई घोडदळ) डिव्हिजन' केले. हे नाव जेमतेम चौदा महिने टिकले. ऑगस्ट १९६९ मध्ये 'एअरबोर्न' परत आले, कंसात 'एअरमोबाइल' जोडून; आणि १९७४ साली कंसातले ते पद 'एअर असॉल्ट', म्हणजे हेलिकॉप्टरने चढाई, असे झाले. म्हणजे कामाचे वर्णन कंसात बदलत राहिले आणि घराण्याचे नाव कंसाबाहेर कायम राहिले. यात लपवाछपवी कुठे आहे? कंस तर सर्वांना दिसतो.

शिवाय हेलिकॉप्टरने चढाई करण्याची पद्धत ही पॅराशूट सैनिकांनीच घडवलेली आहे. बॅस्टोनमध्ये १०१व्या डिव्हिजनच्या मुख्यालयात काम करणारे लेफ्टनंट कर्नल हॅरी किनार्ड पुढे जनरल झाले, १९६३ पासून हेलिकॉप्टर चढाईचे प्रयोग करणाऱ्या ११व्या एअर असॉल्ट डिव्हिजनचे नेतृत्व त्यांनी केले आणि १९६५ मध्ये पहिली हेलिकॉप्टरस्वार डिव्हिजन त्यांनीच व्हिएतनामला नेली. साधन बदलले, शत्रूच्या फळीवरून उडून त्याच्या मागे उतरायचे, हे सूत्र तेच राहिले. २४ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात १०१व्या डिव्हिजनने इराकच्या हद्दीत सुमारे दीडशे किलोमीटर आत हेलिकॉप्टरांनी 'कोब्रा' हा तळ उभारला आणि दुसऱ्याच दिवशी तिची एक ब्रिगेड युफ्रेटिसच्या खोऱ्यातील महामार्गावर जाऊन बसली.

आणि नाव व साधन यांची फारकत झाली म्हणून नाव टाकायचे असेल, तर सुरुवात आपल्या घरापासून करावी लागेल. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्सकडे आज घोडे नाहीत, रणगाडे आहेत. १९७१ साली बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी परमवीरचक्र मिळवले ते सेंच्युरियन रणगाड्यातून. पूना हॉर्सने नाव बदलावे अशी मागणी कुणी केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, फक्त तो माझ्या लेखाला लागू पडत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी आर्देनच्या जंगलातून अनपेक्षित हल्ला चढवला तेव्हा १०१वी डिव्हिजन फ्रान्समध्ये मुर्मलाँ येथे विश्रांती घेत होती. तिला घाईघाईने मालमोटारींत भरून बॅस्टोनला पाठवले गेले. कित्येकांकडे हिवाळी कपडे नव्हते आणि दारूगोळाही अपुरा होता. विमानातून तिथे कुणी उतरले नाही, हे आपले म्हणणे खरे आहे आणि मीही तसेच लिहिले होते. त्या गावाच्या रक्षणात १०व्या आर्मर्ड डिव्हिजनची एक रणगाडा तुकडी होती, ७०५वी रणगाडाविरोधी बटालियन होती आणि ९६९वी तोफखाना बटालियन होती, जिच्यातले सैनिक कृष्णवर्णीय होते. त्या काळच्या अमेरिकी लष्करात त्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवले जाई. या बटालियनलाही बॅस्टोनसाठी तुकडीला मिळणारा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. हा तपशील माझ्या लेखाच्या शेवटच्या भागात आहे, कृपया पुन्हा पाहावा.

तरीही टोपणनावाला वजन मिळाले ते बॅस्टोनमध्येच, असे मी म्हणतो ते पुढील कारणाने. २२ डिसेंबरला दुपारच्या सुमारास चार जर्मन पांढरे निशाण घेऊन गावाच्या दक्षिणेला ३२७व्या रेजिमेंटच्या चौकीपाशी आले. दोन अधिकारी आणि दोन साधे सैनिक. हातात टंकलिखित पत्र : दोन तासांत शरण या, नाहीतर गाव तोफांनी उद्ध्वस्त करू. डिव्हिजनचे सेनापती मॅक्सवेल टेलर त्या वेळी वॉशिंग्टनला गेले होते आणि सूत्रे अँथनी मॅकॉलिफ यांच्या हाती होती. पत्र ऐकल्यावर त्यांच्या तोंडून 'नट्स' (तुच्छतेने झिडकारण्याचा बोलीतला शब्द) एवढाच उद्गार निघाला. लेखी उत्तर काय द्यावे, हे त्यांना सुचेना, तेव्हा मघाशी उल्लेख केलेले किनार्ड म्हणाले की, आपण जो पहिला शब्द बोललात तोच चांगला आहे. तोच टंकून पाठवला गेला. ३२७व्या रेजिमेंटचे प्रमुख कर्नल हार्पर तो कागद घेऊन गेले. जर्मन अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना, म्हणून त्यांनी सोप्या भाषेत 'खड्ड्यात जा' असा खुलासा केला. दुसऱ्या दिवशी आभाळ निवळले आणि विमानांनी रसद टाकली. २६ तारखेला अमेरिकी जनरल पॅटन यांच्या सैन्यातील ४थ्या आर्मर्ड डिव्हिजनचे रणगाडे वेढा फोडून आत आले. पुढे संपूर्ण डिव्हिजनला एकत्रितपणे तो सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि अख्ख्या डिव्हिजनला असा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पॅटननी आपली सुटका केली, हे १०१व्या डिव्हिजनचे जुने सैनिक मात्र कधी कबूल करत नसत. त्यांचा हा हट्ट मला इतिहास म्हणून पटत नाही, पण पलटणीचा स्वभाव म्हणून आवडतो.

आपण ओघात असेही म्हटले आहे की, अशा बिल्ल्यांचे कौतुक म्हणजे निव्वळ युद्धाचे उदात्तीकरण. सप्टेंबर १९५७ ची लिटल रॉकची छायाचित्रे आपण पाहिली असतीलच. तेथील सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून जमाव रस्त्यावर उतरला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी धाडले ते याच डिव्हिजनचे जवान. संगिनी लावलेल्या बंदुका घेऊन ते त्या मुलांना शाळेच्या दारापर्यंत सोडत होते आणि त्यांच्या दंडावर हाच गरुड होता. त्या दिवशी त्याचा अर्थ कोणत्या गल्लीत काय लागला असेल, याचा विचार करून पाहावा.

चौथ्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. भारताच्या हवाई डिव्हिजनवर लिहा म्हणता, पण स्वतंत्र भारताकडे हवाई डिव्हिजन नाही. १९४४ साली ४४वी भारतीय एअरबोर्न डिव्हिजन उभी राहिली, पुढे तिला २री असा क्रमांक मिळाला आणि फाळणीत तिच्या ब्रिगेडी दोन देशांत वाटल्या गेल्या. आपल्याकडे आज आहे ती ५०वी पॅराशूट ब्रिगेड. मराठी माणसाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे तो पलटणींच्या पातळीवर : मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, तिच्या नावापुढे कंसात 'मराठा' राहिले आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, टांगाइलला आकाशातून उतरली ती हीच बटालियन. (पुन्हा कंसच, लष्करात कंसांना फार महत्त्व असते.)

पण आपली इच्छा असेल तर मी आधी लिहीन ते संगशाकवर. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात याच ५०व्या पॅराशूट ब्रिगेडने पायदळ म्हणून, पुरेशा पाण्याविना आणि काटेरी तारांच्या कुंपणाविना, जपान्यांना सुमारे आठवडाभर थोपवून धरले. तिच्यासाठी विमानांतून टाकलेली बरीचशी रसद जपान्यांच्या हाती पडली. त्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही होती. बॅस्टोनशी या लढाईची तुलना करण्यासारखी आहे आणि ती करताना आपल्या तिसऱ्या आक्षेपाचा, म्हणजे सोबत लढलेल्यांना विसरू नये या मुद्द्याचा, मला उपयोगच होईल.